ऑटोमॅटिक घड्याळ अचानक पुढे पळतंय? सर्व्हिसिंगला टाकायच्या आधी चुंबक तपासा

कालपर्यंत दिवसाला दहा-पंधरा सेकंद इकडे-तिकडे करणारं ऑटोमॅटिक किंवा चावीचं घड्याळ अचानक दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे जायला लागलं, मधे कुठे पडलं नाही, आपटलं नाही, आत पाणी गेलं नाही, तर पहिला संशय चुंबकावर घ्यायचा. बरेच जण घाबरून थेट दुकान गाठतात, तिथे ओव्हरहॉल करावं लागेल असं ऐकतात, पैसे मोजतात, घड्याळ आठवडाभर तिथेच पडून, आणि खरं काम निघतं दोन मिनिटांचं. चुंबक लागल्याने घड्याळ कायमचं बिघडत नाही हे आधी डोक्यात पक्कं करा, म्हणजे पुढचं सगळं शांतपणे वाचता येईल.

हे सगळं मेकॅनिकल घड्याळांबद्दल आहे, म्हणजे एचएमटी जनता, पायलट, सोना वगैरे चावीवाली, किंवा सेको ५, टायटनची ऑटोमॅटिक, टिसो आणि त्यावरची महागडी मंडळी. सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळाचा मामला वेगळा आहे, त्याच्या आत स्टेपर मोटर, म्हणजे काटे टप्प्याटप्प्याने सरकवणारी मोटर, असते आणि त्या मोटरमध्ये स्वतःचंच एक इवलंसं चुंबक असतं, त्यामुळे बाहेरचं मोठं चुंबक जवळ आलं की ते अडखळतं किंवा थांबतं आणि चुंबक बाजूला केलं की परत चालू होतं, फक्त वेळ पुन्हा लावायची. क्वार्ट्झबद्दल एक महत्त्वाची सूचना आहे ती पुढे डिमॅग्नेटायझरच्या, म्हणजे चुंबक उतरवायच्या यंत्राच्या, भागात येईलच.

आधी आत नेमकं काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की काय जपायचं आणि कशाची उगाच भीती बाळगायची नाही हे आपोआप कळतं. बॅलन्स व्हीलला एक केसासारखी बारीक गोल गुंडाळलेली स्प्रिंग असते, हेअरस्प्रिंग, तिच्याच जोरावर ते चाक एकदा इकडे एकदा तिकडे फिरतं आणि घड्याळाची चाल ठरते. एचएमटी जनताचं मशीन तासाला १८,००० ठोके मारतं म्हणजे सेकंदाला पाच, सेको ५ वगैरे २१,६०० म्हणजे सेकंदाला सहा, आणि बरीच स्विस मशीन २८,८०० म्हणजे आठ. आता या स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये अगदी बारीक अंतर असतं, आणि स्प्रिंगला चुंबक लागलं की शेजारशेजारची वेटोळी एकमेकांना ओढायला लागतात, कधी चक्क चिकटतात. चिकटली की स्प्रिंगची कामाची लांबी कमी झाली, आखूड स्प्रिंग जास्त कडक, कडक स्प्रिंगवर चाक जास्त पटपट फिरणार, म्हणून घड्याळ पुढे. दिवसाचे सेकंद असतात ८६,४००, त्यात पाच मिनिटं पुढे म्हणजे ३०० सेकंद, म्हणजे जेमतेम ०.३५ टक्के फरक झाला. इतक्या कमी फरकाने आपली बस चुकू शकते... नाही, घड्याळ पुढे असल्यावर बस चुकत नाही, आपणच स्टॉपवर लवकर जाऊन उभे राहतो, पण समजलं ना. कधी कधी चुंबक लागलेलं घड्याळ मागेही पडतं किंवा बंदच पडतं, कारण स्प्रिंग सोडून इतरही बरेच भाग स्टीलचे असतात, पण नेहमी दिसणारं लक्षण म्हणजे अचानक आणि बरंच पुढे जाणं.

हल्लीच्या स्प्रिंगा जुन्यांपेक्षा खूप सुधारलेल्या आहेत हेही खरं. पूर्वी साध्या पोलादाच्या, निळसर रंगाच्या स्प्रिंगा असायच्या, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डायनामो आणि विजेच्या ट्राम आल्या तेव्हा खिशातल्या घड्याळांचा पार बट्ट्याबोळ व्हायला लागला. मग निकेल-पोलादाचे मिश्रधातू आले, त्यावर काम करणाऱ्या शार्ल एदुआर गियोम यांना १९२० चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, पुढे १९३० च्या दशकात निवारॉक्स नावाचा मिश्रधातू आला आणि आजही बहुतेक स्विस घड्याळांत त्याच जातकुळीची स्प्रिंग असते. पण त्यात लोखंड आणि निकेल आहेच, त्यामुळे चुंबकाला दाद कमी देते, अजिबात देत नाही असं नाही. आजोबांचं जुनं पॉकेट वॉच किंवा खूप जुनं चावीचं घड्याळ असेल तर त्याच्याबाबतीत दुप्पट काळजी घ्या.

आता मुख्य गोष्ट, अंतर. यातच सगळं आलं, बाकीचं मीठमसाला. छोट्या चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार वेगाने पडतो, ढोबळमानाने अंतर दुप्पट केलं की जोर आठपट कमी, पाचपट केलं की सव्वाशेपट कमी. म्हणून मोबाइलच्या मागच्या मॅग्नेटला घड्याळ चिकटवून ठेवणं आणि त्याच टेबलावर वीतभर लांब ठेवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात पंगा होऊ शकतो, दुसऱ्यात काहीही होत नाही. जे लोक मोबाइल हातात धरायचा की नाही, लॅपटॉपसमोर बसायचं की नाही अशी चिंता करतात त्यांना हेच सांगायचं की घड्याळ घालून बिनधास्त सगळं करा, फक्त चुंबकाला *टेकवून* ठेवू नका.

याला आकडेही आहेत. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ७६४ असं सांगतं की ज्या घड्याळाला अँटीमॅग्नेटिक म्हणायचं त्याने ४,८०० अँपिअर प्रति मीटर इतक्या चुंबकीय क्षेत्रात राहून आल्यावरही दिवसाला ३० सेकंदांपेक्षा जास्त चाल बदलता कामा नये. हे ४,८०० म्हणजे साधारण ६० गाऊस, गाऊस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं दुसरं एकक. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र अर्ध्या गाऊसच्या आसपास असतं, त्यावरून अंदाज घ्या. सेकोच्या मॅन्युअलमध्ये हे फार छान सोपं करून दिलंय, ४,८०० वालं घड्याळ असेल तर चुंबकाच्या वस्तूपासून ५ सेंटिमीटर लांब ठेवा, आणि १६,००० वालं असेल तर १ सेंटिमीटर पुरे. ५ सेंटिमीटर म्हणजे तीन बोटं. घरातल्या सगळ्या घड्याळांना मी हाच नियम लावतो, तीन बोटं अंतर, संपला विषय, कुठलं मॉडेल किती गाऊसचं हे लक्षात ठेवत बसायची गरज नाही. रात्री काढून ठेवताना मात्र वीतभर लांब, कारण तिथे ते सात-आठ तास पडून असतं आणि झोपेत कोण मोबाइल कुठे सरकवतं सांगता येत नाही.

घरात चुंबक कुठे लपलेत हे मात्र लोकांना माहीत नसतं आणि खरा घोळ इथेच होतो. फ्रिजवरचे मॅग्नेट सगळ्यांना दिसतात, पण त्यांच्यावर कोणी घड्याळ ठेवत नाही. फ्रिजच्या दाराच्या रबरातही चुंबकाची पट्टी असते, तिच्यावरही कोणी घड्याळ ठेवत नाही. ठेवलं जातं ते बेडशेजारच्या टेबलावर, आणि तिथे काय काय असतं बघा: मोबाइल, इअरबड्सची डबी, वायरलेस चार्जर, स्मार्टवॉचचा चार्जर. या चारही गोष्टींत चुंबक असतं किंवा असू शकतं. आयफोन १२ पासून, म्हणजे २०२० पासून, बहुतेक मॉडेल्सच्या पाठीमागे गोल कड्याच्या आकारात मॅग्नेट आले आणि आता त्याच्यासाठी निघालेली कव्हरं, पाकिटं, पॉवरबँका, गाडीतले होल्डर हे सगळंच चुंबकावर चिकटतं. इअरबड्सची डबी त्याहून वस्ताद, झाकण बंद राहायला चुंबक, कानात घालायच्या कळ्या जागेवर बसायला चुंबक, आणि कळ्यांच्या आत स्पीकरचं चुंबक वेगळं, सगळी छोटी पण निओडिमियमची म्हणजे आकाराच्या मानाने जबर ताकदीची. घड्याळ काढून त्या डबीवर ठेवायची सवय असेल तर आजच मोडा. वायरलेस चार्जरची सपाट गोल चकती घड्याळ ठेवायला अगदी मोक्याची वाटते, तिच्यावरही नको.

टॅबलेटची फ्लिप कव्हरं, ज्यात झाकण मिटलं की स्क्रीन बंद होते, त्यात पट्टीभर मॅग्नेट असतात. लॅपटॉपच्या झाकणाच्या कडेला आणि खाली मनगट टेकतं त्या भागात काही मॉडेल्समध्ये मॅग्नेट असतात, आणि स्पीकर तर असतातच. दिवसभर डावं मनगट लॅपटॉपच्या त्याच कोपऱ्यावर घासत टाइप करत असाल तर तो कोपरा एकदा तपासून घ्या, कसं ते खाली सांगतो. बायकांच्या पर्सला आणि बऱ्याच सॅकला मॅग्नेटचं बटण असतं, पर्सच्या आतल्या कप्प्यात घड्याळ टाकलं आणि वरून बटण बंद झालं की कधी कधी ते बरोबर घड्याळावरच येतं. ऑफिसात शर्टाला लावायचा नावाचा बिल्ला आता पिनऐवजी मॅग्नेटचा असतो, तो काढून घड्याळासोबत एकाच ड्रॉवरमध्ये टाकतात. हातात घालायची ती मॅग्नेटिक थेरपीची ब्रेसलेटं, उशा, माळा, त्यांनी गुडघेदुखीचं काय होतं त्याच्या वादात मी पडत नाही, पण त्याच हातात मेकॅनिकल घड्याळ घालू नका.

आणि दोन जागा अशा आहेत की वाचून हसू येईल. एक, घड्याळाचा पट्टाच. ते जाळीचे स्टीलचे पट्टे मिळतात ना, ज्यांचं टोक मॅग्नेटने चिकटतं, ते स्मार्टवॉचसाठी ठीक आहेत, पण हौसेने कोणी ऑटोमॅटिकला लावतं, तेव्हा चुंबक मशीनपासून दोन-तीन बोटांवर चोवीस तास. तसला पट्टा मेकॅनिकलला लावूच नका, कितीही छान दिसू दे. दुसरी जागा म्हणजे घड्याळाची पेटी. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त वॉच बॉक्स आणि प्रवासाच्या चामडी रोलची झाकणं मॅग्नेटवर बंद होतात, म्हणजे ज्या पेटीत जपून ठेवायचं तिच्यातच चोर. पेटी घेताना साध्या प्रेस बटणाची किंवा चेनची घ्या, आणि जी आहे तिचं चुंबक कुठल्या बाजूला आहे ते बघून घड्याळ विरुद्ध बाजूला ठेवा, तेवढंही पुरतं.

स्वयंपाकघरात मिक्सरच्या मोटरजवळ चुंबकीय क्षेत्र असतं पण हात असतो वर झाकणावर, भांड्याच्या उंचीइतकं अंतर आपोआप पडतं, त्यामुळे चटणी वाटताना घड्याळ काढायची गरज नाही. इंडक्शन शेगडीचं क्षेत्र चालू असताना काचेच्या अगदी लगत जोरदार असतं आणि उंच गेलं की पटकन कमी होतं, पळी फिरवणारा हात बऱ्यापैकी वर असतो, फक्त घड्याळ काढून त्या काचेवर ठेवायचं नाही. खरं सांगायचं तर तिथे चुंबकापेक्षा वाफ आणि तेल यांचीच मला जास्त काळजी वाटते. ब्लूटूथ स्पीकरवर, होम थिएटरच्या स्पीकरवर ठेवू नका, त्यात मोठं चुंबक असतं. बाइकच्या टाकीवर चिकटणारी बॅग मॅग्नेटवरच चिकटते. विमानतळावरच्या चौकटीतून किंवा बॅग स्कॅनरमधून घड्याळ गेल्याने काही होत नाही. एमआरआय मात्र पूर्ण वेगळी गोष्ट आहे, नेहमीचं मशीन १.५ टेस्ला म्हणजे १५,००० गाऊसचं असतं, त्या खोलीत घड्याळच काय कुठलाही धातू न्यायचा नसतो, तिथला स्टाफ सांगेल ते ऐकायचं.

तुमच्या घरात चुंबक कुठे आहेत हे शोधायला महागडं काही लागत नाही. एक टाचणी घ्या, तिला वीतभर दोरा बांधा आणि ती लोंबकळत ठेवून लॅपटॉप, पर्स, कव्हर, पेटी, टेबल यांच्यावरून हळूहळू फिरवा, चुंबक असेल तिथे टाचणी ओढली जाते. एकदा संध्याकाळी मुलांना हे काम द्या, त्यांना भारी मजा येते आणि घरातलं एकही चुंबक सुटत नाही. मोबाइलवर मॅग्नेटोमीटरची फुकट अ‍ॅपं मिळतात, ती मायक्रोटेस्लामध्ये आकडा दाखवतात, १०० मायक्रोटेस्ला म्हणजे १ गाऊस, आपल्याकडे मोकळ्या जागेत ४०-४५ च्या आसपास दिसायला हवं. ते चुंबकाची जागा शोधायला चांगलं आहे पण जोर मोजायला नाही, कारण जबर चुंबक अगदी जवळ आलं की फोनचा सेन्सर हात टेकतो आणि त्याच्या वरचा आकडा दाखवतच नाही.

आता आपल्या घड्याळाला खरंच चुंबक लागलंय का ते कसं बघायचं. यासाठी शाळेच्या प्रयोगातलं साधं काट्याचं होकायंत्र घ्या, स्टेशनरीच्या किंवा प्रयोग साहित्याच्या दुकानात स्वस्तात मिळतं. मोबाइलमधलं होकायंत्रही चालतं असं लोक सांगतात पण मोबाइलमध्ये स्वतःचीच चुंबकं आहेत आणि तपासायला म्हणून आपण घड्याळ त्यालाच चिकटवणार, हे काही मला पटत नाही. लाकडी टेबलावर होकायंत्र ठेवा, आजूबाजूला फोन, इअरफोन, लोखंडी काही नको, काटा स्थिर होऊ द्या. मग घड्याळ बाजूने हळूहळू काट्याजवळ आणा.

इथे बरेच जण फसतात. काटा थोडा हलला की लागलं चुंबक म्हणून मोकळे होतात, पण घड्याळात कमान (चावी दिल्यावर गुंडाळली जाते ती मुख्य स्प्रिंग), स्क्रू, चावीचा दांडा असं बरंच स्टील असतं, आणि काही घड्याळांत तर मशीनभोवती मुद्दाम लोखंडी डबी असते, ते काट्याला थोडं ओढणारच, त्याचा अर्थ चुंबक लागलं असा होत नाही. खरी खूण वेगळी आहे. घड्याळ तिथेच धरून हळूहळू गोल फिरवा, आधी १२ ची बाजू काट्याकडे, मग ३, मग ६, मग ९. साधं लोखंड असेल तर प्रत्येक बाजूला काटा थोडाफार घड्याळाकडेच ओढला जाईल, त्याचं तेच टोक. पण एका बाजूने काटा ओढला जातोय आणि दुसऱ्या बाजूने दूर ढकलला जातोय, किंवा घड्याळ फिरवताना काटाही मागे मागे फिरतोय, तर घड्याळ स्वतःच चुंबक झालंय. ढकलणं हाच पुरावा, कारण साधं लोखंड कधी ढकलत नाही.

होकायंत्रासोबत चालही मोजा, नाहीतर नंतर फरक पडला की नाही हे कळणार कसं. चावी पूर्ण द्या, ऑटोमॅटिक असेल तर नीट भरू द्या, मोबाइलच्या घड्याळाशी सेकंद मिळवा आणि बरोबर चोवीस तासांनी किती फरक पडला ते लिहून ठेवा. आपल्या मशीनची मुळात किती चूक चालते हेही माहीत पाहिजे, जुन्या सेको ५ मधलं ७एस२६ मशीन कंपनीच्या हिशोबानेच दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे चालेल असं आहे, तर स्विस क्रोनोमीटर सर्टिफिकेटवालं, म्हणजे अचूकतेची चाचणी पास झालेलं, ४ मागे ते ६ पुढे. त्यामुळे सेको ५ पंचवीस सेकंद पुढे जातंय म्हणून चुंबक शोधत बसू नका, ते त्याच्या लायकीप्रमाणे बरोबरच चाललंय. मुद्दा अचानक बदलाचा आहे. आणि एचएमटीच्या बाबतीत एक जरा कडू गोष्ट, ऑनलाइन ‘रिफर्बिश्ड’ म्हणून रंगीबेरंगी डायलची जी एचएमटी मिळतात त्यात पाच घड्याळांचे भाग एकत्र जोडलेले असतात, ती वेळ चुकवतात तेव्हा चुंबकाचा काही दोष नसतो.

चुंबक लागलंय हे नक्की झालं की डिमॅग्नेटायझर. निळ्या प्लॅस्टिकच्या छोट्या खोक्यासारखा ऑनलाइन मिळतो, वर एक लाल बटण, काही शे रुपयांपासून पुढे. घेताना एकच बघा, २२० ते २४० व्होल्टचा आहे ना, ११० व्होल्टचा घेऊन आपल्या प्लगला लावलात तर आधी वास येईल आणि मग धूर. आत फक्त तारेचं गुंडाळं असतं, त्यातून एसी करंट गेला की आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेने चुंबकीय क्षेत्र सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे उलटतं. त्यात घड्याळ धरलं की आतलं स्टीलही त्याच्याबरोबर उलटसुलट होत राहतं, आणि मग आपण घड्याळ हळूहळू लांब नेलं की तो हेलकावा कमी कमी होत शून्यावर येतो, झोपाळा पाय न टेकवता आपोआप थांबू द्यावा तसा. मधेच जवळ असताना बटण सोडलं तर हेलकावा ज्या क्षणी तुटला तिथलं चुंबक आत अडकून राहतं, कधी पहिल्यापेक्षा जास्त. डिमॅग करून बिघडलं अशी तक्रार ऐकू येते तिच्यामागे बहुतेक हेच असतं.

करायचं कसं तर आधी घड्याळ नक्की मेकॅनिकल आहे ना ते बघा. सेकंदकाटा टक-टक करत सेकंदाला एकदा उडी मारत असेल तर ते क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झ घड्याळ या मशीनवर अजिबात ठेवायचं नाही, सोलर आणि कायनेटिकही (हाताच्या हालचालीवर चार्ज होणारं क्वार्ट्झ) नाही, कारण त्याच्या मोटरमधलं जे चुंबक असायलाच हवं त्यालाच धक्का लागू शकतो. काही क्वार्ट्झचे काटेही सरकत जातात, म्हणून शंका असेल तर मागच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा, कानाचं मशीन, एटीएम कार्ड, मोबाइल टेबलावरून हलवा. स्टीलचा पट्टा सहज निघत असेल तर काढा, नसेल तर निदान उघडून पसरवा म्हणजे घड्याळाखाली त्याची घडी येणार नाही.

मग घड्याळ मशीनच्या वर ठेवा, बटण दाबा, एक-दोन सेकंद थांबा, आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ सरळ वर उचलत न्या, घाई नाही, तीन-चार सेकंद लागू देत, हातभर वर गेलं की मग बटण सोडा. घड्याळ पाव वळसा फिरवून परत तेच, मग एकदा उभं धरून, कारण चुंबक कुठल्या दिशेने लागलंय ते आपल्याला माहीत नसतं. गुंडाळं पटकन तापतं, त्यामुळे सलग दहा सेकंदांच्या वर बटण दाबून ठेवू नका, मधे मधे गार होऊ द्या. दुसऱ्या प्रकारची मशीनं येतात ती बटण दाबलं की स्वतःच क्षेत्र कमी करत नेतात, त्यात घड्याळ हलवायचंच नसतं, तेव्हा तुमच्याकडे कुठलं आहे ते कागदावर वाचा आणि दोन पद्धती एकमेकांत मिसळू नका.

झालं की परत होकायंत्र, आणि परत चोवीस तास चाल. होकायंत्राचा काटा ढकलला जाणं थांबलं आणि चाल जुन्या जागी आली की मिटलं. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच झालं तर मशीनमध्ये खोट काढू नका, घरातली ती जागा शोधा जिथे रोज ते टेकतंय, टाचणी घेऊन. काही गरज नसताना आठवड्याला सवय म्हणून डिमॅग करणारेही लोक आहेत, नीट केलं तर त्याने नुकसान नाही, पण फायदाही नाही.

नवीन घड्याळ घेताना या सगळ्याचा विचार करावा का? डेस्कवर काम असेल तर मी त्यासाठी एक रुपयाही जास्त देणार नाही. पण ज्यांचं काम मोठ्या मोटरी, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचा कारखाना, एमआरआयचा विभाग अशा ठिकाणी आहे त्यांनी जरूर बघावं. जुनी पद्धत म्हणजे मशीनभोवती मऊ लोखंडाची डबी, चुंबकाच्या रेषा त्या लोखंडातून वळसा घालून जातात आणि आतलं मशीन वाचतं. ब्रिटिश हवाई दलासाठी आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीने १९४८ मध्ये मार्क ११ असंच केलं, मग १९५५ ची इंजेनियर, १९५६ ची रोलेक्स मिलगाऊस जी १,००० गाऊसची, १९५७ ची ओमेगा रेलमास्टर, सगळी त्याच कुळातली, शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर लोकांसाठी काढलेली. त्यात तोटा असा की डबीमुळे मागून काच लावून मशीन दाखवता येत नाही. नवी पद्धत म्हणजे आतले भागच चुंबकाला दाद न देणारे करायचे, ओमेगाने २०१३ मध्ये १५,००० गाऊस सहन करणारी सीमास्टर अ‍ॅक्वा टेरा काढली ती अशीच, डबी नाही. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने २००६ मध्ये सिलिकॉनची हेअरस्प्रिंग आणली, सिलिकॉनला चुंबक लागतच नाही. आणि हे आता खालच्या किमतीतही उतरलंय, टिसो पीआरएक्स पॉवरमॅटिक ८० मध्ये टायटॅनियमवर आधारित निवाक्रॉन स्प्रिंग येते, टिसो जेंटलमनमध्ये सिलिकॉनची. रोजच्या वापरात एकच घड्याळ असणाऱ्याने या दोनांपैकी काही घेतलं तर वर लिहिलेलं अर्धं विसरलं तरी चालेल, पूर्ण नाही, कारण इतर भाग स्टीलचे आहेतच.

शेवटचं घड्याळवाल्याबद्दल. दोनदा नीट डिमॅग करूनही घड्याळ मिनिटांनी पुढेच जात असेल आणि होकायंत्राचा काटा शांत असेल तर मग चुंबकाचा नाद सोडा, तेलाचा थेंब स्प्रिंगवर जाऊन वेटोळी चिकटली असतील किंवा धक्क्याने एक वेटोळं दुसऱ्यात अडकलं असेल, ते उघडल्याशिवाय कळत नाही आणि ते घरी उघडायचं काम नाही. दुकानात गेल्यावर पुढे जातंय एवढंच सांगू नका, कधीपासून, दिवसाला किती, डिमॅग केलंय की नाही, आपटलं होतं का, हे सांगा, आणि चाल मोजणाऱ्या टायमिंग मशीनवर आधीचा आकडा आणि दुरुस्तीनंतरचा आकडा दोन्ही दाखवायला सांगा. डिमॅग करायला सांगाल तेव्हा ते तुमच्यासमोरच करा म्हणावं, बहुतेक जण त्याचे पैसेही घेत नाहीत. आणि हळूच त्यांच्या स्क्रूड्रायव्हरकडे आणि चिमट्याकडे लक्ष ठेवा, टोकाला बारीक स्क्रू आपोआप चिकटून लोंबत असेल तर हत्यारालाच चुंबक लागलंय, मग झाकण उघडायच्या आधी ती हत्यारंही एकदा डिमॅग करून घ्या म्हणायला लाजू नका.